मागं कुणी बसणार असेल तर

१२ फेब्रु. ७३
कांबळेसाहेब गाडी घेऊन आले. जेऊरच्या बाजूला दुष्काळी कामांवर लस टोचत हिंडतात. मोटारसायकल स्वतःची. खडीवर मागं बांधलेली लसीची पेटी आदळते, बाटल्या फुटतात. “मिस्त्री, काल नऊ फुटल्या. माणसं रांगेत उभी आणि मी काचा वेचतोय. गाडी मऊ करा.”
पुढच्या फोर्कात पातळ तेल घातलं. मागचे दोन्ही शॉक सगळ्यात खालच्या खाचेवर, म्हणजे स्प्रिंग एकदम मऊ. शुक्रवार पेठेतल्या फरशीवरून चक्कर मारली. गादीवर बसल्यासारखं वाटतं.

२१ फेब्रु.
साहेबांचा निरोप. आठवड्यात एकही बाटली फुटली नाही. बरं वाटलं. घरी बायकोला, मंगलला, दोनदा सांगितलं. हसली.

३ मार्च
गाडी ट्रकमधून आली. हँडल वाकडं, मागचा मडगार्ड चाकाला घासून फाटलेला.
ट्रकवाला म्हणाला, कामावर एक बाई बाळंतपणात अडली. बैल सगळे चारा छावणीत, बैलगाडी कुठली जुंपणार. साहेबांनी तिला मागं घेतलं. नवऱ्यानं लुगड्यानं त्यांच्या कमरेला बांधली. नाल्याच्या उतारावर गाडी मागं बसली ती उठलीच नाही, दोघं फेकले गेले. बाई गेली. पोटातलं पण. साहेबांची मांडी मोडली.
बाईचं नाव सखू. जेवलो नाही.

४ मार्च
मागं कुणी बसणार असेल तर शॉक वरच्या खाचेवर घ्यायचे. दोन मिनिटांचं काम, एक पाना लागतो. हे साहेबांना सांगितलं होतं का? पाना दिला होता का?
मंगल म्हणते, “सांगितलं असेल की. सगळ्यांना सांगताच तुम्ही.”
सगळ्यांना सांगतो. त्या दिवशी गिऱ्हाईक लई होतं, आणि

७ मार्च
दवाखान्यात गेलो. साहेबांचा पाय वजन लावून टांगलाय. विचारायचंच म्हणून गेलो होतो. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, “पोलिसांना सांगितलंय, खड्डा दिसला नाही.” मग भिंतीकडं तोंड करून, “तिला खाटेवर घालून चालत न्यायला पाहिजे होतं, मिस्त्री.”
मोसंबी ठेवली. आलो. विचारलं नाही.

१५ मार्च
गाडी तशीच पडलीय. हात लावला नाही.
दुपारी दारात एक म्हातारा. सखूचा सासरा, जेऊरहून रेल्वेनं आलेला.
“हीच का गाडी?”
हीच म्हणालो. वाकून मागच्या चाकाकडं लई वेळ बघत राहिला.
“हिच्यात काय बिघाड हुता का?”
मी म्हणालो, “रस्ता वाईट होता, बाबा.”
“त्यो रस्ता आमीच केलाय की. सखूनंबी. चार म्हैनं पाट्या टाकल्या तिनं तितं.” माझ्याकडं बघितलं. “वाईट न्हाय त्यो.”
पाणी दिलं. प्यायला, उठला, चालू लागला. चौकापर्यंत मागं गेलो. हाक मारली.
थांबला. खाचेचं, पान्याचं सगळं सांगितलं.
पुढचं लिहवत नाही.