मागं कोण हाय?

उस्ताद,

काल बर्डीच्या बाजारात टॉवेल घ्यायला गेलो होतो. मेट्रोतून उतरलो आणि कपड्यांच्या त्याच गल्लीत पाय थबकले. लटकलेल्या फ्रॉकांकडे पाहत उभा राहिलो, तर दुकानदार म्हणतो, "काका, नातीसाठी पाहून राहिले का?" त्याला काय सांगू, मी माझ्या उस्तादाला आठवून राहिलो म्हणून!

चांदमारीचं मैदान. पोलिसात नवे भरती झालेले आम्ही पोटावर पालथे पडलोय, कोपरांना गिट्टी टोचतेय, आणि तुम्ही पाठीमागून फिरताय. बंदुकीच्या घोड्यावर बोट ठेवण्याआधी प्रत्येकाने मोठ्याने विचारायचं, "मागं कोण हाय?" हा तुमचा दंडक. निशाण्यामागे तर नुसता मातीचा बांध. आम्हाला हसू फुटायचं. "माती हाय जी, उस्ताद!"

तुम्ही हसायचा नाहीत. "आज माती हाय गा. उद्या कोणाची माय राहीन."

एकाने विचारलंच, कायदा तर कमरेखाली मारा म्हणतो, मग मागचं काहून पाहायचं? तुम्ही म्हणालात, "गोळीले कंबर समजते का बे?" मी एकदा न विचारताच घोडा दाबला, गोळी बरोबर मधोमध लागली. शाबासकीसाठी मान वळवली, तर तुम्ही बंदूकच काढून घेतलीत. "नेम तर आंधळ्याचाही लागते." दिवसभर मला सगळ्यांना पाणी पाजायला लावलंत, आणि दुपारी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवलीत. असं रागावणं पुन्हा कुठे भेटलं नाही.

मग बर्डीतला तो दिवस. तुम्ही तोवर हे जग सोडून गेला होतात. फुटपाथच्या जागेवरून भांडण झालं, एकजण सुरा घेऊन पिसाळला. माझा जोडीदार शिपाई खाली पडलेला, त्याच्यावर सुरा उगारलेला. मी रिव्हॉल्व्हर काढलं. त्या माणसाच्या मागे फक्त टांगलेले फ्रॉक. बोट घोड्याकडे जातंय, आणि माझ्या तोंडून जोरात निघालं, "मागं कोण हाय?"

फ्रॉकांच्या मागून बाईचा आवाज आला, "मी हाव नं जी! लेकरू हाय संग!"

सुरेवाला दचकून मागे वळला. तेवढ्यात मी खांद्याने धडक दिली, तो आडवा, सुरा नालीत. जोडीदार वाचला, तोही वाचला, आणि फ्रॉकांमागून त्या माउलीने डोकं काढून मलाच झापलं, "केवढ्यानं वरडता जी, लेकरू झोपलं होतं!"

साहेबांनी पाठ थोपटली. "काय डोकं चालवलं, हवालदार! आवाज देऊन त्याला मागे वळवलं!" साऱ्या ठाण्यात माझ्या हुशारीची वाहवा झाली. मीही मान डोलावली.

हे पत्र टाकू तरी कुठल्या पेटीत? म्हणून निदान इथे खरं लिहून ठेवतो. हुशारी कसली, उस्ताद. भीतीने माझी बोबडी वळली होती, आणि त्या बोबडीला तुमचं तेवढंच एक वाक्य पाठ होतं.