साहेबांचे पाय धुतले त्याची हकीकत

विहीणबाई धुरपताबाईंना कंधार मुक्कामी सरजाबाईचा हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे कसे हायत? माझी लेक तुम्हाला उलटून बोलत नसेल. बोललीच तर माझं नाव सांगा. (ती बोलते, मला ठाव हाय.)

आमचा लातूर जिल्हा झाला तसा इंग्रजीला ऊत आलाय. अक्षरं मी साठीत गिरवली, पण ‘चार्ज’ आता मला जावईबापूंपेक्षा बरा येतो, ते मास्तर असले तरी. साहेब खुर्चीत बसला की चार्ज घेतला, उठला की चार्ज दिला. हातात तर काहीच दिसत न्हाई! मोर्च्यातल्या पोरांच्या पाठीवर पडला तो लाठीचार्ज, ट्रॅक्टरच्या बॅटरीत भरतात तोबी चार्ज. आम्ही वाडीसाठी पाण्याचा टँकर मागितला, तर तीन महिने एकच जबाब, “मावशी, चार्ज दुसऱ्याकडं हाय.” मी म्हणलं, एवढा फिरतोय, त्याला एस्टीचा पास हाय का?

शेवटी पंचाक्षरी नावाचे साहेब विहिरीच्या तपासणीला आले. विहीर ठणठणीत कोरडी. वाकून बघायचं, ‘पाणी नाही’ लिहायचं, की टँकर सुरू. पण उन्हातनं दारात आलेल्या माणसाला पाय धुवायला पाणी न्हाई द्यायचं? मी तांब्या दिला. ते बघून शेजारच्या चांगुणानं बादली दिली. मग लागली की चढाओढ! कुणी सरबत केलं, कुणी सडा टाकला. किशन सरपंचानं तर चार दिवसांचं साठवलेलं पाणी काढून साहेबांच्या शिपायाला आंघोळ घातली. विहीर बघायची राहिलीच. धुतलेले पाय पुन्हा धुळीत कोण घालणार? जाताना लिहून गेले, ‘पाणी मुबलक. टँकरची गरज नाही.’

गाव म्हणतंय चूक सरजाबाईची, पहिला तांब्या तिचा. सुनेनं रांजणाचा चार्ज घेतलाय, घोटभर पाणीबी विचारून प्यावं लागतंय. तरी मी लई खूश हाय. साहेब म्हणले, असा पाहुणचार लातुरात न्हाई. (तिथं नळच कोरडे, करतील कुठनं?)

मुलाबाळांना आशीर्वाद. तुमची, सरजाबाई.

ता. क. पंधरा दिवसांनी दुसरी तपासणी हाय. या खेपेला पाहुण्याला कोरडंच बसवायचं, अशी सगळ्यांनी शपथ घेतलीय. माझा भरवसा कुणाला न्हाई. (मलाबी न्हाई.) त्या दिवशी मला वाडीबाहेर ठेवायचं, असा ठराव झालाय. पहिली सही माझ्याच लेकाची, मारोतीची. तेव्हा मला बोलावणं धाडा, आपणहून धाडल्यासारखं.

आन् एक. लेकीच्या घरचं पाणी आम्ही पीत न्हाई, तुमच्या घागरीला धक्का लागायचा न्हाई. चहाला मात्र आमच्यात आडकाठी न्हाई.