नांदेड रोडला वळायचं होतं

१७ ऑगस्ट २००५

लातूरचा तो चौक! आज परत सापडलो. क्लास सुटायची वेळ टाळावी म्हणून गावाबाहेर चहा पीत बसलो, तरी ट्रकमधे खताची पोती घेऊन चौकात शिरलो आणि पोरांचा लोंढा आला. नांदेड रोड, औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड—चारी बाजूंनी नुसत्या सायकली. पाठीवर दप्तरं, तोंडात फिजिक्स. दोन वेण्यांची पोरगी दिसली की वाटतं आपलीच लेक, शिल्पा. मग ती वळून बघते—दुसऱ्याच कुणाची तरी.

शिल्पा आणि तिच्या आईची भाड्याची खोली चौकापासून हाकेच्या अंतरावर. पण गाडी उभी करायला जागा न्हाई. हॉर्न वाजवला. ऐकू गेला असंल का? इथं तर सगळेच वाजवतात.

२८ ऑगस्ट

रविवार. खोलीवर गेलो. मालकीणबाईचा नियम—फक्त पोरी आणि त्यांच्या आया. बाप असला तरी संध्याकाळच्या आत बाहेर! शिल्पाची बारावी होईस्तोवर असंच. मागच्या साली महादेवी तिला घेऊन इथं आली, लोह्याच्या घराला कुलूप लागलं, आणि मी गाडीत.

महादेवी कणीक मळत होती. परातभर. म्हणलं, एवढी कुणाला? "हायेत की लेकरं शेजारची." मी बोलत होतो, ती म्हणे, "बोला की, ऐकून राहिले." बोलता बोलता मलाच झोप लागली. उठलो तर जायची वेळ झालेली.

९ सप्टेंबर

लोहा. कुलूप गंजलंय. किल्ली फिरंना. तेल घातलं. आत गेलो, पाणी प्यालो, निघालो.

२ ऑक्टोबर

नांदेडला मालधक्क्यावर करीमभाई भेटला. तोही आपल्यासारखाच ड्रायव्हर. म्हणला, "वैजनाथ, तू एकटाच बडबड करत होतास केबिनमध्ये. लांबून बघितलं मी." म्हणलं, गाणं म्हणत होतो. हसला न्हाई. त्याच्या घरनं आलेला डबा माझ्यापुढं सरकवला. "खा. बानोनं दोघांचा दिलाय." खोटं बोलला. डबा एकाचाच होता.

२१ ऑक्टोबर



सोयाबीन भरून ऑइल मिलला चाललो होतो. चौकात आलो आणि क्लास सुटले. पुढं बस, मागं ऑटो, मधी सायकली. क्लीनर न्हाई—मालक म्हणतो छोटा फेरा, एकट्यानं भागव. मग डावीकडचं कोण सांगणार? बस हलली. मी क्लच सोडायला लागलो—आणि डाव्या दारावर कुणीतरी धाडधाड हाणलं. "थांब! ए मुडद्या, थांब! आंधळा हायस का?"

ब्रेक दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली.

एक पोरगी सायकलीसकट चाकापुढं पडली होती. हातभर लांब फक्त!

ती बाई पुढं आली. पदर कमरेला खोचलेला, खांद्याला डब्यांची पिशवी. एक हात माझ्या गाडीवर ठेवला, दुसरा हात वर—आणि अख्खा चौक थांबला! बस थांबली, ऑटोवाले गप. तिनं पोरीला उठवलं, गुडघे झाडले, सायकल सरळ केली. पोरं ओरडत होती—"काकू, इकडं! काकू, पाणी!"

मला ओळखायला वेळ लागला. माझीच बायको.

मग तिनं वर बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.  मागनं हॉर्न सुरू झाले. तिनं हात हलवला—चला, पुढं घ्या. कुठल्याही ड्रायव्हरला सांगावं तसं.

मी पुढं घेतली.

२३ ऑक्टोबर

गेलो खोलीवर. शिल्पाच म्हणली, "पप्पा, अख्खी गल्ली हिच्याकडं जेवते." मेस चालवते महादेवी! वर्ष होत आलं. मला पत्ता न्हाई.

"सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही आलाव की झोपताव. जागे असताव तवा शिल्पाचे मार्क विचारताव."

खरं हाय. मग तिनं ताट वाढलं आणि समोर बसली. किती दिवसांनी समोर बसली! म्हणली, "ती पोरगी तुमच्या गाडीखाली गेली असती तर—" मी ताट बाजूला सारलं. 

२७ फेब्रुवारी २००६

शिल्पाचे पेपर सुरू. मेपर्यंत सीईटी. मग घर!

१० जून

निकाल लागला. पोरगी मेडिकलला लागणार! चौकातल्या ट्रॅफिक पोलिसालासुद्धा पेढा दिला. मग खोलीवर जाऊन महादेवीला म्हणलं, सामान बांध, गाडी रिकामीच हाय.

ती म्हणली, "मी लोह्याला येणार न्हाई."

मला वाटलं मेससाठी. म्हणलं, लोह्यात कर की मेस. तर म्हणली, "त्या घरात मी झोपू शकत न्हाई." तेरावं वर्ष चालू हाय भूकंपाला. तिचं माहेर औशाकडं, आई-बाप गेले त्यात. आमचं घरही तसंच—दगड-मातीचं, रुंद भिंतीचं. "तुम्ही गाडीवर. मी अंगणात बाज टाकायचे. पाऊस आला की उंबऱ्यावर बसायचे, भिंतीकडं बघत. इथं ह्या पत्र्याच्या खोलीत आले त्या दिवशी अशी झोपले, शिल्पानं सकाळी हलवून उठवलं."

मी अंगणातली बाज बघितली होती की! मला वाटायचं, उकाडा.

"मला सांगायचं तरी."

"कवा? गाडी हॉर्न मारत उभी असायची."

रागानंच निघालो. मी गाडीत दोन वर्षं दिवस ढकलले, आणि ही म्हणते येणार न्हाई!

११ जून

नांदेड रोडला वळायचं होतं. इंडिकेटरही दिला होता. पण चौक मोकळा होताच मी गाडी औसा रोडला घातली. का, माहीत न्हाई.

सासुरवाडीला गेलो. भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव न्हाई—पडलेलं जुनं. दगडांचे ढीग, त्यावर बाभळी. सासू-सासऱ्यांचे दिवस घातल्यानंतर थेट आज आलो. एक म्हातारी शेळ्या चारत होती, बसम्मा नाव. सासऱ्याचं नाव सांगितलं, सिद्रामप्पा. तिनं काठीनं एक ढीग दाखवला. दुसऱ्या ढिगासारखाच.

म्हणली, "महादेवी कशी हाय? झोप लागती का तिला? आम्हाला न्हाई लागत, बाबा."

म्हणलं, "लागती. लातूरला लागती."

आणि तिथंच बसलो. लई रडलो. शेळ्या बघत होत्या.

१८ जून

महादेवीला म्हणलं, तुझं बरोबर हाय. शिल्पा औरंगाबादला जाईल, तू हितंच राहा. मी येत जाईन. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"दुसरी खोली बघितलीय मी. तिथं बापय माणसाला बंदी न्हाई. तुमचे कपडे कवा आणताव?"

२५ जून

लोह्याचं घर रिकामं केलं. लातूरच्या चौकात पोलिसानं अडवलं. "माल काय हाय?"

"संसार," म्हणलं.

त्यानं ताडपत्रीखाली बघितलं आणि हात केला—जा.