दर शनिवारी मेंढरं धुवायची म्हणं

१० जाने., शुक्र.
बाळूनं तळ्याकाठी आणखी दोन तंबू ठोकले. कुपवाडचा कारखाना सोडून आल्यापास्नं पोराचं सगळं ध्यान ह्यातच. म्हटलं, खाऱ्या तळ्यात काय बघायचंय रं ह्या लोकांना? पाणी मचूळ, ढोरं तोंड लावत न्हाईत, काठाला नुसता पांढरा खार. तर म्हणतो, "आई, त्यास्नी तेच पायजे. मोकळं वाटतं." वाटू दे. चुलीपुढं मी मरते.

१२ जाने., रवि.
पुण्याची माणसं येऊन गेली. काल सांजच्याला मेंढरांभवतीची वाघूर उपटली न् दोन काठ्यांना बांधली, चेंडू खेळाया. जाळीच न्हाई म्हटल्यावर मेंढरं उघड्यावर. लांडगा आला असता म्हंजी? हे रातभर काठी घेऊन बसून राहिले. एक बाई मला म्हणती, "मावशी, टॉयलेटला पाणी नाही." म्हटलं, तळं भरलंय की. तोंड वाकडं करून गेली. निवडुंगामागं सगळी घाण करून ठेवलीया. कागद वाऱ्यानं घरापतूर आलं. शी.

१८ जाने., शनि.
कातरायच्या आधी मेंढरं धुवायचा आज वार. बाळू मागं लागला हुता, सोमवारी धुवा, पाहुण्यांना वास येतो. हे म्हणले, "पाहुणे तुझे, मेंढरं माझी." ह्या पाण्यानं लोकरीतला मळ निघतो, मग कातर सरसर चालती. दर वर्साचं हाय हे.
पहिल्या मेंढीला भंडारा लावला न् पाण्यात घातली. तंबूतली सगळी उठून आली. वाटलं, आता नाकं मुरडत्यात. तर चड्ड्यांवर पाण्यात उतरली की. मेंढरांना मिठ्या मारत्यात, फोटू काढत्यात, एक तर पाठीवरच बसाया निघाला. भंडाऱ्याची पिशवी उचलून एकमेकांच्या तोंडावर उधळली. म्हटलं, देवाचा हाय तो. "सॉरी मावशी." न् परत उधळला.

१९ जाने., रवि.
बाळू लय खुशीत. दर शनि. मेंढरं धुवायची म्हणतो. फोटू बघून लोकांचं फोन येत्यात.
"मग कातरायची कवा?"
"कातरूच नका आत्ता. लोकर असली की गुबगुबीत दिसत्यात."
मी हसले. मग बघितलं तर गडी खरंच बोलत हुता.
हे गप. पोरगं घरात राहिलंय म्हणून गप. मी बी तशीच, खोटं कशाला लिहू. तिकडं भट्टीची धूळ खाऊन नुसता खोकायचा. इथं आल्यापास्नं खोकला गेला.

२५ जाने., शनि.
परत धुतली. वारं असलं गार की माझंच दात वाजत हुतं. गाभण्या आमी कुडाआड काढून ठेवल्या हुत्या. तिथनं एका पोरीनं कपाळावर ठिपका असलेली ओढून आणली, "ही किती क्यूट आहे" म्हणत. मी वरडले. बाळू म्हणला, "आई, एकदाच." कंबरभर पाण्यात नेली. ती मेंढी जशी बघत हुती
जाऊ दे. आंघोळीला चार बादल्या गरम पाणी मागितलं त्या पोरीनं. स्वतःसाठी.

२८ जाने., मंगळ.
ठिपक्याची गाभडली. दोन कोकरं हुती पोटात. हे खड्डा काढून पुरून आले. बाळूला बोलावून दाखवलं. खाली बघत उभा राहिला. मग म्हणला, "बाकीच्या बऱ्या हायत न्हवं?"
माझ्या पोटचा हाय म्हणून. दुसरा असता तर.
भाकरी खाताना बाळूचं परत तेच. ह्या शनि. लय लोक येणार, सगळ्यास्नी मेंढरांचं सांगून बसलोय, तेवढं निभू द्या, न्हाईतर मला कुपवाडला जावं लागंल. मी ताट तसंच ठेवून उठले.

३० जाने., गुरु.
कराडकडच्या बागायतदाराचा ह्यास्नी फोन. ऊस तुटलाय, मोकळ्या रानात मेंढरं बसवा, लेंडीखत पायजे. आमी दर साली जातो, पण शिमग्याच्या सुमाराला. हे म्हणले, कळवतो. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "कळवता काय, उद्याच निघा. कातरा तिकडंच."
"बाळूला?"
"मी सांगते."

३१ जाने., शुक्र.
बाळू सामान आणाया तासगावला गेला न् मागनं ह्यांनी मेंढरं हाकली. ठिपक्याची चालंना, टेम्पोत घातली. मी वाघूर गुंडाळून घोड्यावर टाकली. बाळू अंधार पडल्यावर आला, दमून झोपला. सांगितलं न्हाई. तोंडापतूर आलं हुतं.

१ फेब्रु., शनि.
सकाळी तीन गाड्या आल्या. एक बारकी पोरगी सारखी विचारती, मेंढी कुठाय, मेंढी कुठाय.
बाळू कुडाशी जाऊन आला. "आई, मेंढरं?"
"कराडकडं. मीच लावून दिली."
रिकाम्या कुडाकडं परत एकदा बघितलं. मग हळू म्हणला, "मला इचारलं असतं तर?"
"तू न्हाई म्हणला असतास."
"व्हय. म्हणलो असतो."
गाडीची किल्ली घेऊन भाईर गेला. मी भाकऱ्या थापत बसले, कान सगळा गाडीकडं, कुपवाडला निघाला का काय. गाडी चालू झाली न्हाई. भाईर बघितलं तर पाहुण्यास्नी हात जोडून काय तरी सांगतोय. एक माणूस बोट नाचवून बोलत हुता. मला त्या बोटाची लय चीड आली, उठून जावं वाटलं. गेले न्हाई.
दोन गाड्या फिरल्या. एक हाय. बाळू अजून जेवाया आला न्हाई.