लाल दांडा आणि तुमचे चिरंजीव

तीर्थरूप आईंना,

सुनेचा नमस्कार, कंबर वाकते तेवढा वाकून. तुमचा गुडघा कसा आहे? लेकीकडे गेल्यापासून गच्चीचे जिने चढताय असं कळलं. चढू नका. इकडे आम्ही दोघंही ठणठणीत. (मी जरा जास्तच. का, ते पुढे वाचा.)

आई, तुमच्या चिरंजीवांची तक्रार करायची मला सवय नाही. (मागची तीन पत्रं सोडून द्या.) पण धुलाई कारखान्यात ते सुपरवायझर आणि मी त्यांच्या हाताखाली मोठ्या ड्रमवर, म्हणजे घरचं भांडण तिकडे जातं आणि तिकडचं घरी येतं. हॉस्पिटलच्या चादरी ड्रममध्ये एकमेकींना अशा वेढतात, की दिवसातून पाच-सहा वेळा खांद्यापर्यंत हात घालून ओढाव्या लागतात. ड्रम थांबलेला दिसला, तरी मोटरची वीज तोडल्याशिवाय त्याचा काय भरवसा? आणि वीज तोडायचा स्विच कुठे, तर यांच्या केबिनमध्ये, फायलींच्या कपाटामागे! मी ओरडायचं, ते इस्त्रीवालीने ऐकून पुढे ओरडायचं, मग यांनी फोन ठेवून, खुर्ची सरकवून, कपाटामागे हात घालायचा आणि "बंद!" अशी आरोळी ठोकायची. एकदा यांनी बंद केला पंखा आणि आरोळी दिली ड्रमची. ड्रमने आपल्या मनाने अर्धा वळसा घेतला. बाही गेली, हात वाचला. सगळे हसले, मीही हसले, आणि मग बाकावर बसले ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठलेच नाही.

स्विच माझ्या हाताशी द्या म्हटलं, तर तुमचे चिरंजीव म्हणाले, उठसूट ड्रम बंद करत बसशील. मी तडक मालकीणबाईंकडे गेले. (घरात दोन दिवस अबोला.) मालकीणबाईंनी फाटकी बाही बघितली आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने ड्रमशेजारच्या भिंतीवर वीज तोडायची, लाल दांड्याची पेटी बसवली. पण उंचीचं माप घेतलं कुणाचं? यांचं! (लहानपणी दूध जरा कमी पाजलं असतंत तर बिघडलं नसतं, आई.) मला स्टूल लागे आणि स्टूल कायम इस्त्रीवालीकडे. पुन्हा अबोला, मग पेटी खाली आली. लगेच लोकांनी दांड्याला पिशव्या आणि ओले टॉवेल अडकवायला सुरुवात केली. ते मी एकेकाच्या अंगावर फेकले. इलेक्ट्रिशियनने मला एक कुलूपही दिलं. दांडा खाली ओढायचा, आपलं कुलूप लावायचं, एकुलती एक किल्ली आपल्या खिशात. तोवर कुणीही काहीही दाबो, ड्रम हलत नाही. बायको आता कारखान्यालाही टाळं ठोकणार, असं हे चारचौघांत म्हणाले. मी ऐकून घेतलं.

गुरुवारी चादरी अडकल्या. मी दांडा ओढला, कुलूप लावलं आणि कमरेपर्यंत आत वाकले. केबिनमध्ये हे फोनवर. माल लवकर हवा म्हणून पलीकडचा माणूस खेकसत होता. यांना वाटलं, ड्रम भरून तयार आहे, म्हणून केबिनमधलं चालू करायचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पाच वेळा दाबलं, आई. मग नव्या पेटीच्या आणि इलेक्ट्रिशियनच्या नावाने शंख करत बाहेर आले, आणि यांना आधी कुलूप दिसलं, मग ड्रममधून बाहेर आलेले माझे दोन पाय. हे ओल्या चादरींच्या ढिगावरच मटकन बसले. मी बाहेर येऊन काय झालं विचारलं, तर यांनी केबिनकडे नुसतं बोट दाखवलं. तेव्हा कळलं मला. मी खिशातली किल्ली चाचपली आणि पुन्हा चादरी ओढायला लागले. संध्याकाळचा चहा यांनी केला.

बाकी सर्व क्षेम. माझे दोन्ही हात जागच्या जागी आहेत आणि मी मजेत आहे.

तुमची सून

ता. क. : आता हे स्वतः येऊन माझं तोंड बघितल्याशिवाय बटणाला हात लावत नाहीत. कामाला उशीर होतो, मालकीणबाई कुरकुरतात. कुरकुरू देत.

ता. क. दुसरा : खरं काम राहिलंच. मी चिडले आहे असं यांना वाटतंय. मी अजिबात चिडलेली नाही. घाबरले होते, तेही यांचा चेहरा बघून. पण बावीस वर्षांनंतर आपण होऊन हे सांगायला मी काही जाणार नाही. तुम्ही यांना दोन ओळी लिहा, तुमचं ऐकतात.

ता. क. तिसरा : लगेच लिहू नका. महिनाभर तरी थांबा. सकाळचा चहा मला अंथरुणात मिळतोय, आणि कालपासून त्यात साखरही बेताची पडायला लागली आहे.