तुझ्या शेवटच्या दळणाचे काय केले

प्रिय सहधर्मचारिणीस,

तू आता या जगात नाहीस, तरी खुशाली तुलाच कळवावयाची सवय सुटत नाही. माझ्या कोपरांवरील जुनाट खाज थांबली आहे. तपासण्यांनंतर येथील डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांनाच नाही बाधत, पण तुम्हाला गहूच नडतोय." भातावर माझे उत्तम चालले आहे, काळजी नसावी. तिकडे तुझे गुडघे दुखत नसतील ना?

पेच होता तो तुझ्या शेवटच्या दळणाचा. उपचारांसाठी या भाड्याच्या खोलीत राहायला येताना गव्हाच्या त्या पिठाचा डबा मी येथवर आणला होता. खाणे वर्ज्य, टाकणे अशक्य. घरमालकीणबाई टोमणा मारीत, "काका, पीठ खायचं असतं, पुजायचं नसतं!"

उपचार संपले, आज घरी परततो. निघण्यापूर्वी मूठभर पिठाची खळ शिजवून तुझे निसटलेले छायाचित्र पुठ्ठ्यावर पक्के चिकटवले. उरलेले बाईंना दिले. चिमटीत घेऊन त्या म्हणाल्या, "काकू दळण बारीक आणायच्या हो!" मला कितीतरी दिवसांनी हसू आले.

बोटांना थोडे पीठ लागले आहे. तेवढे बाधत नाही, असे डॉक्टर म्हणतात.

सदैव तुझाच

ता. क. दाराला कुलूप लावले. किल्ल्या बाईंना परत केल्या.