बादलीतला स्पंज आणि दोन थेंब

४ फेब्रुवारी

माझी आंघोळीची बादली गेली. चोरीला नव्हे — संशोधनाला! ताईच्या संस्थेत वीजदुरुस्ती चाललीय, म्हणून तिचा जिवंत समुद्री स्पंज आमच्या न्हाणीघरात मुक्कामाला. मी नळाखाली उकिडवा. वर हुकूम — "त्याला रोज समुद्राचं ताजं पाणी लागतं. एक कॅन आणशील?" म्हटलं, ताई, मी लेखक आहे, पाणक्या नव्हे. गेली आपली स्वतःच समुद्रावर, दुखरा गुडघा धरत.

५ फेब्रुवारी

डावा डोळा लाल. खुपतोय. स्पंजाची दृष्ट लागली असणार.

७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषाणू आहे. बुबुळावर फांद्यांसारखी जखम. मलम नेमाने घाला, नाहीतर नजर जाईल." तोंडचं पाणीच पळालं! उजवा डोळा लहानपणापासून नावालाच आहे.

ताई म्हणाली, "या दुखण्यावरच्या सुरुवातीच्या एका औषधाची कल्पना समुद्री स्पंजातूनच आली. हस आता!"

नाही हसलो.

९ फेब्रुवारी

ताईच्या मैत्रिणीचा फोन. आमच्या स्पंजाचा अर्क ती तिच्या प्रयोगशाळेत तपासतेय — काचेच्या ताटलीत, माझ्या डोळ्यातल्याच विषाणूवर. "एकही उरला नाही गं!" ताई नाचली — गुडघ्यासकट.

"मग टाक की माझ्या डोळ्यात दोन थेंब."

"वेड लागलंय? ताटली म्हणजे डोळा नव्हे."

डोळ्यापुढचं धुकं वाढतंय. फ्रीजमध्ये लोण्याशेजारी शिशी. वर चिठ्ठी — 'स्पंजाचा अर्क. हात लावू नये.' ताई बाजारात गेली. हात कशाला लावतोय? सरळ डोळ्यात टाकला.

१० फेब्रुवारी

पुन्हा फोन. ताईने स्पीकरवर घेतला. "अगं, ज्या पेशींवर विषाणू वाढवले होते, त्याही मेल्या. सगळ्या! तुझा अर्क काहीच जिवंत ठेवत नाही."

माझ्या हातातला कप फुटला. बुबुळ गेलं! ओरडलो, "ताई, मी टाकला गं! काल!"

ती काचा गोळा करत राहिली. "चुरचुरलं?"

"...नाही."

"कसं चुरचुरेल? शिशीत सलाईन होतं. खरी माझ्या कपाटात, बर्फाच्या डब्यात, कुलपात. तुला जन्मापासून ओळखते मी."

ती मलम घेऊन आली. "वर बघ." एवढ्या वर्षांच्या कामावर पाणी पडलेलं — आणि बाईचा हात जराही हलला नाही. हलत होतो तो मीच.

११ फेब्रुवारी

उजाडताच समुद्रावर. काळा चष्मा, हातात कॅन. जिन्यात दोनदा धडपडलो. ताई झोपलेली. बादलीतलं पाणी बदललं.

कॅन विसळून दाराशी ठेवला — उद्यासाठी.